कर्करोगग्रस्तांसाठी डॅफोडिलची विक्री: फूल कशासाठी आणि निधी कशासाठी?

रानजाई

आयर्लंडमध्ये मार्च महिन्यातला एक शुक्रवार 'डॅफोडिल डे' म्हणून पाळला जातो. त्या दिवशी स्थानकांबाहेर, बाजारपेठांच्या तोंडाशी, शाळांत आणि कार्यालयांत स्वयंसेवक डॅफोडिलची ताजी फुले आणि कोटाला लावायच्या पिवळ्या पिना घेऊन उभे असतात, आणि जमा झालेला पैसा आयरिश कॅन्सर सोसायटीकडे जातो. १९८८ पासून हा उपक्रम चालू आहे. आमच्या भागातल्या गटाबरोबर मीही या कामात असते. यंदा गटात बरेच नवे लोक आले आहेत, त्यांत काही मराठी मंडळीही आहेत, आणि त्यांनी उभे केलेले दोन प्रश्न मला इतके महत्त्वाचे वाटले की त्यांवर इथे सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

पहिला प्रश्न असा की, पैसाच गोळा करायचा आहे तर मध्ये फूल कशाला आणायचे? फूल पिकवायला, तोडायला, वाहून आणायला खर्च येतो, ते चार-सहा दिवसांत कोमेजते, आणि देणाऱ्याला पैसे थेट खात्यात भरता येतातच. दुसरा प्रश्न असा की, हा पैसा उद्याच्या उपचारांच्या संशोधनाला जावा की आज आजारी असलेल्या माणसाला?

दुसऱ्या प्रश्नाबद्दल आधी लिहिते, कारण त्यावर माझे मत अधिक ठाम आहे. संशोधनाचे महत्त्व मला तसूभरही कमी करायचे नाही. लहान मुलांना होणारा तीव्र लिम्फोब्लास्टिक रक्ताचा कर्करोग गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ हमखास जीवघेणा होता, आणि आज संपन्न देशांत त्यातली सुमारे ९० टक्के मुले वाचतात. हे संशोधनाशिवाय घडले नसते. मात्र संशोधनाला सरकारे, विद्यापीठे आणि औषध कंपन्या असे अनेक दाते असतात, तर घरी अखेरचे दिवस काढणाऱ्या रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसणाऱ्या परिचारिकेचा पगार द्यायला तितके हात पुढे येत नाहीत. आयरिश कॅन्सर सोसायटी संशोधनालाही पैसा देते आणि रात्रीची शुश्रूषा, उपचारांसाठी रुग्णाला नेणारे-आणणारे स्वयंसेवक वाहनचालक, रुग्णालयांतली माहिती आणि आधार देणारी डॅफोडिल केंद्रे आणि दूरध्वनीवरचा सल्ला या सेवाही चालवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे २ कोटी लोकांना नव्याने कर्करोगाचे निदान झाले आणि सुमारे ९७ लाख लोक त्याने दगावले. पण त्याच अंदाजातला तिसरा आकडा फारसा कुणी सांगत नाही, तो म्हणजे मागच्या पाच वर्षांत निदान होऊन त्या वेळी हयात असलेले सुमारे ५ कोटी ३५ लाख लोक. या माणसांना रोज कुठेतरी जायचे असते, कुणाशीतरी बोलायचे असते, घर चालवायचे असते. फुलाच्या मोहिमेचा पैसा मुख्यतः त्यांच्यासाठी असावा आणि विकणाऱ्याने तसे स्पष्ट सांगावे, असे मला वाटते.

आता फुलाबद्दल. पिना लावून उभे राहिलो की असे दिसते की, जे लोक थांबतात त्यांतले बरेच जण पैसे टाकण्याआधी किंवा टाकल्यावर एखादे वाक्य बोलतात: आईसाठी घेतोय, बहिणीचे उपचार चालू आहेत, मला स्वतःला झाला होता. नुसता डबा पुढे केला असता तर हे वाक्य बाहेर आले असते का, याबद्दल मला शंका आहे. पण ही माझी समजूत झाली. ज्यांना हिशेबाचा, बागकामाचा किंवा रुग्णसेवेचा अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

हिमरेषा

रानजाई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या मोहिमेच्या जन्मकथेतच आहे. ही प्रथा आयर्लंडची नाही, ती कॅनडातून तिकडे गेली. १९५० च्या दशकात टोरांटोमधल्या कॅनेडियन कॅन्सर सोसायटीच्या स्वयंसेविका निधीसाठी चहापानाचे कार्यक्रम करीत असत आणि टेबलांवर सजावटीला डॅफोडिल ठेवीत, म्हणून त्या कार्यक्रमांना डॅफोडिलचे चहापान असे नावच पडले. पुढे १९५७ साली टोरांटोतल्या काही उपाहारगृहांनी आपल्या एका दिवसाच्या उत्पन्नातला वाटा सोसायटीला द्यायचे ठरवले. त्या दिवशी स्वयंसेवक तिथे आलेल्या ग्राहकांना आभार म्हणून डॅफोडिलचे एकेक फूल देत होते. फूल विकायचे ठरलेलेच नव्हते. परंतु लोक फुलाचे पैसे देऊ लागले, आणि कुणी न मागता १,२०० डॉलरहून अधिक रक्कम जमली. त्यानंतर फूल विकायची कल्पना पुढे आली.

मला या घटनेतला क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आधी फूल हातात आले, मग पैसे आले. आज आपण मोहिमेचे नियोजन करताना लक्ष्य रकमेपासून सुरुवात करतो आणि फुलाला विक्रीची वस्तू समजतो. पण मुळात ते आभाराचे फूल होते. ज्या गटांना नव्या स्वयंसेवकांना काय शिकवावे हा प्रश्न पडतो, त्यांनी एवढेच सांगितले तरी चालेल की पिन आधी द्या, डबा नंतर पुढे करा, आणि समोरच्याने काही टाकले नाही तरी पिन परत घेऊ नका.

ब्रिटनमध्ये मेरी क्युरी या संस्थेने १९८६ साली आपली डॅफोडिल मोहीम सुरू केली आणि ती मार्च महिनाभर चालते. ती संस्था कर्करोगाबरोबर इतर कोणत्याही असाध्य आजाराच्या रुग्णांनाही अखेरच्या काळात सेवा देते, हे इथे नमूद करते, कारण अनेक जण तिला केवळ कर्करोगाची संस्था समजतात आणि पिन देताना तसेच सांगतात. न्यूझीलंडमध्ये १९९० पासून हा दिवस ऑगस्टच्या अखेरीस पाळतात. महिना वेगळा असला तरी ऋतू एकच आहे. दक्षिण गोलार्धात तेव्हा वसंताची चाहूल लागलेली असते.

ताळेबंद

हिमरेषा यांनी सांगितलेली हकिकत सुंदर आहे आणि मी तिच्याशी सहमत आहे. पण मी व्यवसायाने लेखापाल असल्याने आणि धर्मादाय संस्थांचे हिशेब तपासत आलो असल्याने पैशाची बाजू जरा तपशिलाने मांडतो.

फुलाच्या मोहिमेत तीन रकमा वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात: एकूण जमा, मोहिमेचा खर्च आणि सेवेपर्यंत पोहोचलेली निव्वळ रक्कम. लोकांना पहिली रक्कम सांगितली जाते, कारण ती मोठी असते. सांगायला हवी ती तिसरी. फुले बागायतदाराने दान दिली असतील, वाहतूक एखाद्या कंपनीने आपल्या खर्चाने केली असेल आणि पिनांचा खर्च प्रायोजकाने उचलला असेल, तर पहिल्या आणि तिसऱ्या रकमेतले अंतर फार कमी राहते; पण तसे असेल तर ते तसे लिहावे, आणि नसेल तर खर्चाचा आकडा लिहावा. देणगीदार खर्चाला घाबरत नाही, खर्च लपवला गेला की तो दुरावतो.

ताज्या फुलांत आणखी एक जोखीम आहे, ती म्हणजे न विकल्या गेलेल्या मालाची. पिन पुढच्या वर्षी वापरता येते, फूल येत नाही. पाऊस लागला आणि रस्त्यावर माणसेच आली नाहीत तर संध्याकाळी अर्ध्या जुड्या हातात राहतात. म्हणून कार्यालये, शाळा, सोसायट्या यांच्याकडून आधी मागणी नोंदवून पैसे घ्यावेत, ताजी फुले प्रामुख्याने त्या मागणीपुरती मागवावीत आणि रस्त्यावरच्या डब्याबरोबर पिना ठेवाव्यात. असे केले तर हवामानाचा फटका बसत नाही.

रानजाई यांच्या एका मुद्द्यावर मात्र सावधगिरीचा इशारा देतो. स्वयंसेवकाने "हा पैसा रात्रीच्या शुश्रूषेलाच जाईल" असे सांगितले आणि फलकावरही तसेच लिहिले, तर अनेक देशांच्या कायद्यानुसार ती रक्कम त्या एका कामापुरती राखीव ठरते. संस्थेला पुढे वाहनसेवेसाठी पैशाची अधिक गरज पडली तरी तो निधी तिकडे वळवता येत नाही. म्हणून "रात्रीच्या शुश्रूषेसारख्या सेवांसाठी" असे म्हणावे. हा शब्दच्छल वाटेल, पण एका 'च'मुळे सेवा अडून राहू शकते.

रोख रकमेबद्दल तीनच गोष्टी: डबे मोहोरबंद असावेत, त्यांवर क्रमांक असावेत, आणि ते उघडून मोजायला नेहमी दोन माणसे असावीत. यात कुणावर अविश्वास नाही. यामुळे प्रामाणिक स्वयंसेवकाचेच संरक्षण होते.

कंद

मी फुलशेतीच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे फुलाबद्दल लिहिण्याचा अधिकार घेतो.

डॅफोडिलची निवड निधीच्या दृष्टीने फार विचारपूर्वक झालेली असो वा नसो, ती योग्य आहे. या कंदाला फुलण्याआधी अनेक आठवड्यांची थंडी लागते. ती मिळाली नाही तर कळी नीट धरत नाही. हिवाळा संपत असताना, बाकीची बाग अजून निजलेली असताना हे फूल येते, आणि एकच कंद जमिनीत राहिला तर वर्षानुवर्षे फुलतो आणि आपल्याभोवती पिल्ले कंद वाढवतो. त्यामुळे आशेचे चिन्ह म्हणून लोकांनी ते का उचलले हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अडचण तारखेची आहे. मोहिमेची तारीख दिनदर्शिकेवर आधीच ठरते, फूल मात्र त्या वर्षीच्या थंडीप्रमाणे येते. हिवाळा सौम्य गेला तर बहर मोहिमेच्या आधीच उरकतो, थंडी लांबली तर दिवस उजाडला तरी शेतात कळ्याच दिसतात. म्हणून बागायतदार लवकर, मध्यम आणि उशिरा फुलणाऱ्या जाती मिळून लावतात, आणि फूल उमलायची वाट न पाहता कळी मिटलेली असतानाच, तिची मान नुकती वाकू लागली की तोडतात. अशा कळ्या पाण्याशिवाय, शून्याच्या जरा वरच्या तापमानात, उभ्या ठेवल्या तर बरेच दिवस टिकतात. ग्राहकाच्या हाती हिरवट-पिवळ्या मिटलेल्या काड्या येतात आणि कधी कधी तो नाराज होतो. स्वयंसेवकांना हे सांगून ठेवा की घरी पाण्यात ठेवल्यावर त्या एक-दोन दिवसांत उमलतील आणि उमललेले फूल घेतल्यापेक्षा अधिक दिवस टिकतील.

दोन सूचना सुरक्षिततेच्या. डॅफोडिलच्या देठातून निघणाऱ्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि सतत हाताळणाऱ्यांच्या बोटांना, मनगटांना त्याने पुरळ येते. जुड्या बांधणाऱ्यांनी हातमोजे घालावेत. हाच चीक पाण्यात उतरल्यावर त्याच फुलदाणीतल्या ट्युलिप किंवा गुलाबाचे आयुष्य कमी करतो, म्हणून डॅफोडिल काही तास वेगळ्या पाण्यात ठेवून मगच इतर फुलांबरोबर लावावे आणि मध्ये देठ पुन्हा कापू नयेत. आणि कंद विषारी असतो. तो दिसायला कांद्यासारखा असल्याने चुकून खाल्ला जाण्याच्या घटना घडलेल्या आहेत. कुंडीतली रोपे विकत असाल तर त्यांवर तशी चिठ्ठी अवश्य लावा. मांजर-कुत्री असलेल्या घरांना तर आवर्जून सांगा.

वाचकमात्र

चर्चा वाचतो आहे. एक शंका विचारतो. डॅफोडिलमध्ये कर्करोगावर औषध सापडले आहे, असा संदेश मध्यंतरी फिरत होता. त्यात तथ्य आहे का? असेल तर मोहिमेत ते सांगायला काय हरकत आहे? लोकांचा ओढा वाढेल.

शुश्रूषा

वाचकमात्र, कृपया ते सांगू नका. मी कर्करोग विभागात परिचारिका आहे आणि अशा संदेशांचा त्रास रुग्णांना कसा होतो हे रोज पाहते. डॅफोडिलच्या कुळातल्या वनस्पतींपासून मिळणारे गॅलँटामिन हे द्रव्य अल्झायमरच्या आजारात औषध म्हणून वापरले जाते, हे खरे आहे. डॅफोडिलमधल्या हेमँथामिन या दुसऱ्या द्रव्याचा कर्करोगाच्या पेशींवर काय परिणाम होतो याचा प्रयोगशाळेत अभ्यास झाला आहे, हेही खरे आहे. पण प्रयोगशाळेतल्या पेशी आणि आजारी माणूस यांच्यामध्ये चाचण्यांची फार मोठी वाट असते, आणि डॅफोडिल हे आज कर्करोगावरचे औषध नाही. कंद यांनी सांगितल्याप्रमाणे ते खाणे धोक्याचे आहे. आजाराने हताश झालेल्या कुटुंबाला अर्धे वाक्य ऐकूनही काहीतरी करून पाहावेसे वाटते, म्हणून विक्री वाढावी या हेतूने ते अर्धे वाक्य आपण बोलता कामा नये.

आता मी जे लिहिण्यासाठी आले होते ते लिहिते. फुलांच्या मोहिमेत अनेक गट चांगल्या मनाने असे जाहीर करतात की "तुम्ही एक जुडी घ्या, दुसरी आम्ही तुमच्या नावाने रुग्णाला देऊ." हे करण्याआधी त्या रुग्णालयाला विचारा. केमोथेरपीनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांच्या काळात रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, फार खाली येतात आणि शरीराची जंतूंशी सामना करण्याची ताकद जवळजवळ संपलेली असते. फुलदाणीच्या साचलेल्या पाण्यात स्यूडोमोनाससारखे जिवाणू वाढतात, कुंडीच्या मातीत ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणू असतात. निरोगी माणसाला त्यांचा उपद्रव होत नाही. या रुग्णाला मात्र जिवावर बेतणारा संसर्ग होऊ शकतो. म्हणून अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या आणि तशाच इतर विभागांत ताजी फुले आणि कुंड्या नेऊ देत नाहीत. शिवाय उपचार चालू असताना वासाची संवेदना इतकी बदलते की एरवी आवडणाऱ्या फुलाच्या वासानेही मळमळते.

दारावर अडवलेली फुलांची टोपली मी पाहिली आहे आणि ती घेऊन आलेल्या मुलांचे उतरलेले चेहरेही पाहिले आहेत. त्यांना कुणी आधी सांगितले असते तर त्यांनी तोच वेळ शुभेच्छापत्रे लिहिण्यात घालवला असता, आणि ती रुग्णांच्या खाटेशी पोहोचली असती. ज्यांच्यासाठी हे फूल विकले जाते त्यांतल्या काहींना ते जवळ ठेवताच येत नाही, ही गोष्ट मोहिमेत उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी. कापडाचे किंवा कागदाचे फूल, पिन, पत्र हे सगळे चालते. ताजे फूल घेणाऱ्याच्या घरी राहू द्या आणि रुग्णाकडे त्याचा पैसा सेवेच्या रूपाने जाऊ द्या.

आणि सेवा म्हणजे काय, तर एक उदाहरण देते. रेडिओथेरपी बहुतेक वेळा आठवड्यातले पाच दिवस, सलग काही आठवडे घ्यावी लागते. प्रत्यक्ष उपचार काही मिनिटांचा असतो आणि त्यासाठीचा प्रवास कित्येकदा तासांचा. रुग्ण थकलेला असतो, स्वतः गाडी चालवू शकत नाही, घरातले कमावते माणूस रोज रजा घेऊ शकत नाही. अशा वेळी एखादा रुग्ण उपचार अर्धवट सोडायचा विचार करतो, आणि त्याचे कारण आजार नसून प्रवास असतो. वाहनसेवा किंवा रुग्णालयाजवळची राहण्याची सोय ही त्याच्यासाठी उपचाराइतकीच महत्त्वाची आहे. रानजाई यांचा दुसरा मुद्दा मला म्हणून पूर्ण पटतो.

अक्षवृत्त

मला काहीसे वेगळे मांडायचे आहे. २०२० मध्ये महासाथीमुळे आयर्लंडमध्ये रस्त्यावरची डॅफोडिल मोहीम रद्द करावी लागली, आणि संस्थांना घरबसल्या, ऑनलाइन निधी मागावा लागला. लोकांनी तसेही पैसे दिले. मग रस्त्यावर उभे राहण्याचा, फुले तोडून वाहून आणण्याचा आणि हजारो पिना बनवण्याचा आग्रह आता कशासाठी? प्लास्टिकच्या पिनांचा कचरा होतो, ताज्या फुलांना शीतवाहतूक लागते. भावनेचा मी आदर करतो, परंतु रुग्णाच्या दृष्टीने पाहिले तर त्याला पैसा कोणत्या मार्गाने आला याने काही फरक पडत नाही. दरमहा ठरावीक रक्कम देणारा एक देणगीदार संस्थेला वर्षातून एकदा फूल घेणाऱ्या अनेकांपेक्षा अधिक उपयोगी असतो, कारण परिचारिकेचा पगार दरमहा द्यायचा असतो.

ओलावा

अक्षवृत्त, तुमचा पगाराचा मुद्दा योग्य आहे आणि प्लास्टिकबद्दलही मला तुमच्याशी वाद घालायचा नाही; कागदाच्या पिना करता येतात आणि कराव्यात. पण रुग्णाला फरक पडत नाही, हे मला मान्य नाही, म्हणून लिहिते.

माझ्या सासऱ्यांना घरीच शेवटचा श्वास घ्यायचा होता. त्या आठवड्यात रात्री एक परिचारिका घरी येत असे. तिने काय काय केले ते मी सांगू शकते: वेदनेचे औषध वेळेवर दिले, कूस बदलली, ओठ ओले केले. पण तिचे सर्वांत मोठे काम म्हणजे ती आल्यावर आमच्या सासूबाई झोपायला गेल्या. कित्येक रात्रींनंतर त्या झोपल्या. आम्ही पैशाचे विचारले तेव्हा तिने सांगितले की ही सेवा लोकांच्या देणग्यांवर चालते आणि कुटुंबाकडून काही घेत नाहीत. सासूबाईंनी विचारले, "कुठल्या लोकांच्या?" त्या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हते, कारण ती माणसे अनोळखी होती.

त्यानंतरच्या मार्चमध्ये सासूबाईंना रस्त्यावर कोटाला पिवळी पिन लावलेली माणसे दिसू लागली. त्यांना इंग्रजी फारसे येत नाही, पण त्या प्रत्येक पिन लावलेल्या माणसाकडे पाहून मान झुकवीत असत. ऑनलाइन भरलेला पैसा दिसत नाही, अक्षवृत्त. ज्याला मदत मिळाली त्याला ती कुठल्या लोकांनी दिली हे दिसावे, आणि ज्याच्या घरात आजार आहे त्याला बाहेर पडल्यावर आपण एकटे नाही हे दिसावे, यासाठी फूल छातीवर लागते. दरमहाच्या देणगीदारालाही एक पिन पाठवा, म्हणजे दोन्ही होईल.

आणखी एक विनंती स्वयंसेवकांना. फूल घेताना कुणी आपल्या माणसाबद्दल बोलले तर ऐका. त्यांना उपाय सुचवू नका, "आता पुष्कळ औषधे निघाली आहेत" असे म्हणू नका, ते माणूस बरे झाले का असेही विचारू नका. नाव सांगितले तर ते नाव एकदा उच्चारा. दुःखातल्या माणसासमोर गेलेल्याचे नाव फार थोडे लोक घेतात.

अक्षवृत्त

ओलावाताई, आपला प्रतिसाद वाचून माझे म्हणणे मी अंशतः बदलतो. पैसा कसा येतो हे मी फक्त संस्थेच्या बाजूने पाहत होतो. तरीही दरमहा देणगीचा मुद्दा सोडत नाही: पिन देताना सोबत एक छोटी चिठ्ठी द्यावी, ज्यात नियमित देणगी कशी सुरू करावी हे लिहिलेले असेल. रस्त्यावर कुणालाही त्यासाठी गळ घालू नये. चिठ्ठी घरी वाचली जाईल.

शुश्रूषा

ओलावाताईंच्या विनंतीला जोडून एक व्यावहारिक गोष्ट. जगात सुमारे पाचातल्या एका माणसाला आयुष्यात केव्हातरी कर्करोग होतो. म्हणजे दिवसभर रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकासमोर असे लोक येणार हे गृहीत धरावे, आणि कधी कधी ताजे निदान झालेला माणूस येतो ज्याने अजून घरीही सांगितलेले नसते. अनोळखी माणसाला सांगणे सोपे असते. अशा वेळी स्वयंसेवकाने समुपदेशक होऊ नये. त्याच्या खिशात संस्थेच्या मोफत सल्लासेवेचे छापील पत्रक असावे आणि ते त्याने शांतपणे हातात द्यावे. शिवाय एका ठिकाणी नेहमी दोघे उभे राहावेत, म्हणजे एक जण बोलत असेल तर दुसरा डबा आणि फुले पाहील. ऐकणाऱ्यालाही मध्येच थांबून बाजूला जावेसे वाटते, विशेषतः त्याच्या स्वतःच्या घरात हा आजार येऊन गेला असेल तर. त्यांच्या पाळ्या लहान ठेवा.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या वेगवेगळ्या बाजूंनी उत्तरे येतील असे वाटले नव्हते. या चर्चेवरून आमच्या गटाच्या बैठकीत मी पुढील गोष्टी मांडणार आहे.

पिन आधी, डबा नंतर, आणि पैसे न देणाऱ्याकडूनही पिन परत घ्यायची नाही, हे हिमरेषा यांनी सांगितलेले सूत्र मी जसेच्या तसे ठेवणार आहे. ताळेबंद यांच्या इशाऱ्यानंतर आमच्या फलकावरचा मजकूर बदलावा लागेल, कारण त्यात तो 'च' आहेच. तो संस्थेच्या कार्यालयाकडून तपासून घेईन. ताजी फुले आधी नोंदवलेल्या मागणीपुरतीच मागवू आणि कळ्यांबद्दल, चिकाबद्दल आणि घरातल्या प्राण्यांबद्दल दोन ओळी जुडीला बांधू. रुग्णालयात फुले नेण्याचा एका शाळेचा बेत होता, त्या शाळेच्या शिक्षकांशी मी उद्याच बोलते. मुलांना पत्रे लिहायला सांगू आणि विभागाची परवानगी घेऊनच ती पाठवू. अक्षवृत्त यांची चिठ्ठी आणि सल्लासेवेचे पत्रक एकत्र करावे का, असा विचार आला होता, पण ज्याला नुकतेच निदान झाले आहे त्याच्या हाती देणगीचे आवाहन पडणे मला योग्य वाटत नाही. ती दोन वेगळीच ठेवू.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. मोहिमेनंतर निव्वळ रकमेचा हिशेब लोकांपर्यंत कसा पोहोचवायचा? रस्त्यावर फूल घेणाऱ्याचे नाव-पत्ता आपल्याकडे नसतो, आणि तो मागूही नये असे मला वाटते.

ताळेबंद

नाव-पत्ता मागू नका, ते योग्यच आहे. ज्या ठिकाणी उभे राहिलात त्याच ठिकाणी, परवानगी घेऊन, महिनाभराने एक फलक लावा. त्यावर तीन आकडे लिहा: एकूण जमा, खर्च, निव्वळ रक्कम. त्यांखाली संस्था त्या पैशातून कोणत्या सेवा चालवते ते एका वाक्यात लिहा आणि संस्थेचा वार्षिक अहवाल कुठे पाहता येईल ते सांगा. रोज त्याच वाटेने जाणारी माणसे तो वाचतील. शाळा आणि कार्यालयांना तोच मजकूर पत्राने पाठवा, कारण त्यांचे पत्ते मागणी नोंदवताना मिळालेलेच असतात. खर्चाचा आकडा संस्थेकडून यायला वेळ लागला तर फलक थांबवून ठेवू नका. एकूण जमा लगेच लिहा आणि खर्चाच्या जागी "संस्थेकडून आल्यावर लिहू" असे नोंदवून ती जागा मोकळी सोडा.